इंग्लिश फुटबॉलची गादी कुणाकडून कुणाकडे गेली, आणि का?

पायचीत (११ जून २०२५, रात्री १०:४२)

सुट्टीला पुतण्या आलाय. वय वर्षं तेरा. अंगात मँचेस्टर सिटीची आकाशी जर्सी. आठवडा झाला, धुवायला काढायला तयार नाही. परवा जेवताना त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "काका, युनायटेड कधी चांगली टीम होती का?"

घास हातातच राहिला हो.

पण त्याचं तरी काय चुकलं? २०१८ ते २०२४ या सात सीझनांत सिटीने सहा वेळा लीग मारली. मँचेस्टर युनायटेड यंदा पंधराव्या नंबरावर. त्याच्या जगात गादी सिटीचीच. माझ्या जगात ती युनायटेडची होती, कारण मी केबलवर मॅचेस बघायला लागलो तेव्हा त्यांचे मॅनेजर फर्ग्युसनसाहेब एक वर्षाआड तरी चषक उचलत होते. गंमत म्हणजे मी बघायला लागायच्या तीन-चार वर्षं आधीपर्यंत याच युनायटेडने सव्वीस वर्षं लीग जिंकलेली नव्हती. १९६७ नंतर थेट १९९३. मधे १९७४ ला चक्क दुसऱ्या डिव्हिजनात घसरले, तिथे एक वर्ष काढून परत आले. म्हणजे मी ज्याला जगाची रीत समजत होतो ते तेव्हा नुकतंच लागलेलं दुकान होतं.

मग रात्री जुनी कोष्टकं काढून बसलो. १८८८ साली लीग सुरू झाली तेव्हा बारा क्लब होते. ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅग्रेगर यांच्या डोक्यातली कल्पना. सहा क्लब लँकेशायरचे, सहा मिडलँड्सचे. लंडनचा एकही नाही. मँचेस्टरचा एकही नाही. लिव्हरपूल क्लब तर जन्मालाच यायचा होता. पहिल्याच सीझनला प्रेस्टन नॉर्थ एंडने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, हरले एकही नाहीत. वर एफए कप ही बादफेरीची स्पर्धा, तीही एक गोल न खाता. पुढच्या वर्षी पुन्हा लीग. आणि त्यानंतर आज १३५ वर्षं झाली, एकदाही नाही!

नंतर संडरलंड आणि व्हिला यांचा जमाना. मग १९२४ ते १९२६ सलग तीनदा हडर्सफील्ड. आज हडर्सफील्ड म्हटलं तर पुतण्या विचारतो, हे कुठल्या गेममधलं नाव.

मला लागलेलं सूत्र असं: क्लबात पैसा ज्या दाराने येतो ते दार बदललं की गादी हलते. आधी गिरणीचं दार, मग तिकीटखिडकीचं, मग टीव्हीचं, आता तेलाचं. मॅनेजर, खेळाडू, डावपेच हे सगळं त्याच्या मागून. पटतंय का? नसेल तर तुटून पडा.

चहाबिस्किट

चणे-फुटाणे घेऊन बसलोय. येऊ द्या.

लालबागकर

गिरणी म्हटल्यावर कान टवकारले. आमचे आजोबा साचेखात्यात होते आणि मफतलालची फुटबॉल टीम वडिलांनी कूपरेजवर बघितलेली, त्यामुळे गिरणीची टीम ही गोष्ट आम्हाला नवी नाही. पण तिकडे मालकांनी एवढा पैसा का ओतला? जाहिरात म्हणून की हौस म्हणून?

पायचीत

लालबागकर, हौसच जास्त. शनिवारी दुपारी गिरण्या सुटायच्या, हजारो माणसं खिशात आठवड्याचा पगार घेऊन रस्त्यावर. दुपारी तीनच्या सामन्याची चाल तिथली.

प्रेस्टनचा किस्सा तर मसालेदार आहे. क्लब चालवायचे मेजर विल्यम सडेल, हे कापडगिरणीचे मॅनेजर. स्कॉटलंडहून एकाहून एक खेळाडू आणायचे आणि कागदोपत्री गिरणीत नोकरी दाखवायची. त्या काळी पैसे घेऊन खेळायला बंदी. १८८४ मध्ये अप्टन पार्क या लंडनच्या क्लबाने तक्रार केली आणि प्रेस्टनला कपातून काढलं. सडेलसाहेबांनी नाकारलं सुद्धा नाही, उलट सगळेच देतात म्हणून सांगितलं. उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडायची धमकी दिली आणि १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं. तीन वर्षांनी लीग, चार वर्षांनी प्रेस्टनचा तो अजिंक्य सीझन.

आणि शेवट? १८९५ मध्ये गिरणीच्या हिशेबात अफरातफर केल्याबद्दल सडेलना तीन वर्षांची शिक्षा झाली. गिरणीतला पैसा क्लबकडे वळवलेला. त्यामुळे आज कुणी म्हणालं ना, की "बाहेरच्या पैशाने फुटबॉल नासवलं", तर मला हसू येतं. पहिल्या विजेत्याचाच हिशेब कोर्टात गेला होता.

कॉप_कट्टा

धागा झकास, पण सूत्र अर्धंच पटलं. सगळं पैशावर असतं तर आमच्या लिव्हरपूलचे मॅनेजर शँकली कुठे बसवणार? डिसेंबर १९५९ मध्ये ते लिव्हरपूलला आले तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनात, त्याच वर्षी जानेवारीत वूस्टर सिटी नावाच्या लीगबाहेरच्या टीमकडून कपात हरलेला, आणि सरावाच्या मैदानाची अवस्था गुरं चरायच्या माळासारखी. १९६२ ला वर आले, १९६४ ला लीग. आमच्या अँफील्ड मैदानात जिन्याखाली बूट ठेवायची एक खोली होती, तिथे पेट्यांवर बसून चहा पीत चार-पाच माणसं पुढच्या शनिवारचा विचार करायची. शँकलींनंतर पेझली, पेझलींनंतर फेगन, सगळे त्याच खोलीतले. पेझलींनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप आणले. हे कुठल्या दाराने आलं सांगा?

आकडेमोड

राज्य कोणी किती केलं ते मोजून ठेवलंय, कामाला येईल.

व्हिला: १८९४ ते १९००, सात सीझनांत ५. आर्सेनल: १९३१ ते १९३८, आठ सीझनांत ५. लिव्हरपूल: १९७३ ते १९९०, अठरा सीझनांत ११. युनायटेड: १९९३ ते २०१३, एकवीस सीझनांत १३. सिटी: २०१२ ते २०२४, तेरा सीझनांत ८, त्यातल्या शेवटच्या चार सलग, जे आधी कुणालाच जमलं नव्हतं.

आता मला जास्त चकित करणारा आकडा. १९५९ ते १९६५ ही सात वर्षं घ्या: वुल्व्ज, बर्नली, टॉटनम, इप्सविच, एव्हर्टन, लिव्हरपूल, युनायटेड. सात वर्षांत सात वेगळे विजेते. आणि १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून आजपर्यंत ३३ सीझन झाले, त्यात एकूण विजेते किती? तेही सातच.

त्यामुळे गादी कुणाकडे गेली याहून, मधे एक काळ गादीच नव्हती तो का नव्हता, हे कुणी सांगेल का?

बर्नलीची_सून (१२ जून, पहाटे ३:१५)

रोमात, म्हणजे गप्प राहून, वाचत होते, पण बर्नलीचं नाव आल्यावर राहवेना.

लग्न होऊन इथे येऊन सतरा वर्षं झाली. टर्फ मूर, म्हणजे बर्नलीचं मैदान, घरापासून चालत बारा मिनिटं. काळवंडलेल्या दगडी घरांच्या सारख्या रांगा, आणि दोन रांगांच्या फटीतून एकदम स्टेडियमचं छप्पर दिसतं. एका टोकाला भिंतीला भिंत लावून क्रिकेटचं मैदान आहे, म्हणून त्या बाजूच्या स्टँडचं नावच क्रिकेट फील्ड स्टँड. पहिल्यांदा गेले ती नोव्हेंबरात. थंडीने बोटं वळत नव्हती. शेजारचे आजोबा बरोबर होते, त्यांनी हातात एक वाफाळता पेला दिला. बेनेडिक्टाइन नावाची फ्रेंच दारू, गरम पाणी घालून. पहिल्या महायुद्धात इथले सैनिक नॉर्मंडीत होते, ते ही सवय घेऊन परतले आणि आजही टर्फ मूरवर ती मिळते. मला तर आईच्या काढ्याची आठवण झाली, फक्त गोड आणि जरा झिणझिण्या आणणारा.

हे आजोबा १९६० साली चौदा वर्षांचे. बर्नलीची वस्ती तेव्हा जेमतेम ८० हजार. त्या सीझनला बर्नली एकदाही पहिल्या नंबरावर नव्हती. २ मे ला शेवटचा सामना मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, २-१ ने जिंकली आणि त्या रात्री पहिल्यांदा वर गेली. वर गेली ती विजेती होऊनच.

आकडेमोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आजोबा एका आकड्यात देतात: वीस पौंड. खेळाडूच्या आठवड्याच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, १९०१ पासून. सुरुवातीला चार पौंड, शेवटी शेवटी वीस. बर्नलीत वीस आणि लंडनलाही वीस. मग पोरगं आईच्या हातचं जेवण सोडून लंडनला कशाला जाईल? शिवाय क्लबाने सोडलं नाही तर करार संपला तरी दुसरीकडे जाता येत नसे. प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाबाहेर टॉम फिनींचा पुतळा आहे, पाण्यातून घसरत चेंडू नेणारा, खाली खरंच कारंजं उडतं. इंग्लंडचा त्या काळातला सगळ्यात मोठ्या दोघा-तिघांतला खेळाडू, आणि पोटासाठी नळजोडणीची कामं करायचा. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मोने बंगला, गाडी, वर मोठी रक्कम देऊ केली. प्रेस्टनने नाही म्हटलं आणि विषय संपला. लीग नाही, एफए कप नाही, सगळी कारकीर्द तिथेच.

म्हणजे गादी नव्हती, कारण खेळाडू बांधलेले होते. तुम्हाला तो सोन्याचा काळ वाटेल, पण फिनींना विचारलं असतं तर?

१९६१ ला जिमी हिल यांच्या खेळाडू संघटनेने संपाची तयारी केली आणि मर्यादा गेली. लगेच फुलहॅमने जॉनी हेन्सना शंभर पौंड दिले. वीसवरून शंभर! आमच्या बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड, धंदा मटणाचा, स्वभाव त्याहून कडक. त्यांनी साठच्या दशकात बीबीसीचे कॅमेरे सुद्धा मैदानात येऊ दिले नाहीत काही वर्षं. घरी दिसलं तर तिकीट कोण काढेल, हा हिशेब. पायचीत, तुमचं टीव्हीचं दार आम्ही हाताने लावून घेतलं होतं बघा.

पुढे खेळाडू विकत विकत दिवस काढले. १९८७ ला चौथ्या डिव्हिजनच्या तळाला, शेवटच्या दिवशी जिंकलंच पाहिजे अशी पाळी. ओरिएंटला २-१ ने हरवलं आणि लीगमध्ये राहिलो. आजोबा १९६० ला नाचले होते, १९८७ ला रडले. कुठला दिवस मोठा असं विचारलं तर उत्तर देत नाहीत, पेला पुढे करतात.

चहाबिस्किट

ताई, __/\__

पायचीत

ताई, धाग्यापेक्षा प्रतिसाद भारी झाला. पगाराची मर्यादा माझ्या सूत्रातून सुटलीच होती.

त्यात आणखी एक भर. १९८३ पर्यंत लीगच्या सामन्यात पाहुण्या टीमला तिकिटाच्या पैशातला वाटा मिळायचा. म्हणजे युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला पन्नास हजार माणसं आली तर इप्सविचच्याही पदरात काही पडायचं. १९८३ मध्ये ते बंद, ज्याचं घर त्याचा गल्ला. टीव्हीचा पैसाही आधी चारही डिव्हिजनांतल्या ९२ क्लबांत वाटला जायचा. मोठ्या क्लबांनी फुटून जायची भीती घालत घालत ऐंशीच्या दशकात तो वरच्या डिव्हिजनाकडे वळवला आणि १९९२ ला सरळ वेगळी लीगच काढली. आधीचा टीव्ही करार चार वर्षांचे ४.४ कोटी पौंड. नवीन पाच वर्षांचे ३०.४ कोटी.

घासलेट

सूत्रवाल्यांनो, ब्रायन क्लफ नावाचा माणूस विसरलात. डर्बीला दुसऱ्या डिव्हिजनातून उचलून १९७२ ला विजेते केलं. मग नॉटिंगहॅम फॉरेस्ट. १९७७ ला दुसऱ्या डिव्हिजनात तिसरे येऊन कसेबसे वर चढले, १९७८ ला थेट लीग, १९७९ ला युरोपियन कप, १९८० ला पुन्हा युरोपियन कप. लीग एकदा आणि युरोप दोनदा जिंकलेला क्लब आहे हा! कुठली गिरणी, कुठलं तेल? एक तोंडाळ माणूस आणि त्याचा जोडीदार पीटर टेलर, बस्स.

आकडेमोड

घासलेटराव, १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसला दहा लाख पौंड देणारा इंग्लंडमधला पहिला क्लब फॉरेस्टच होता. अगदीच फाटक्या खिशाचे नव्हते. आणि युरोप गाजवलं तरी लीगमध्ये पुन्हा नंबर लागला नाही, तिथे लिव्हरपूल बसलेलं.

घासलेट

दहा लाख दिले ते लीग जिंकल्यावर. आधी काय विकून जिंकले?

पायचीत

घासलेट, तुम्ही म्हणता ते खरंय आणि मला अडचणीचं आहे. माझी पळवाट अशी: तिकिटाचे पैसे वाटले जात होते, खेळाडूला मोकळं रान अजून नव्हतं, अशा काळात हुशार माणसाला फट सापडायची. १९९५ च्या बोस्मन निकालानंतर करार संपला की खेळाडू फुकट उठून जाऊ शकतो. आज क्लफ आले तर दोन सीझनांत त्यांची अर्धी टीम विकली जाईल आणि तिसऱ्या सीझनला स्वतः क्लफ लंडनला असतील.

घासलेट

क्लफ आणि लंडन! लीड्सला ४४ दिवस टिकले ते.

कॉप_कट्टा

हाहा, हे मान्य.

आता आमचं लिव्हरपूलचं राज्य का बुडालं ते मीच सांगतो, नाहीतर इथले युनायटेडवाले मीठ चोळतील. पैसा कमी पडला म्हणून नाही बुडालं. १९८५ ला हेझेल स्टेडियमची दुर्घटना झाली, आमच्याच लोकांच्या हुल्लडीने, मग इंग्लिश क्लबांना युरोपबंदी, आम्हाला सगळ्यात लांब. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत आमची ९७ माणसं गेली. त्यानंतर आमचे मॅनेजर डॅलग्लिश अंत्यविधीमागून अंत्यविधीला जात होते, १९९० ला लीगही जिंकून दिली, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये आतून रिकामे होऊन राजीनामा दिला. मॅनेजर, खेळाडू आणि शहर सगळंच दमलेलं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी नवीन दुकान उघडलं. हिल्सबरोवरच्या टेलर अहवालानंतर उभं राहून बघायचे स्टँड गेले, खुर्च्या आल्या, तिकिटं महागली. युनायटेड १९९१ ला शेअर बाजारात उतरलं, ओल्ड ट्रॅफर्ड वाढवत ७५ हजारांच्या वर नेलं. अँफील्डला खेटून घरं. आम्ही पंचेचाळीस हजारांवर अडकून पडलो ते २०१६ मध्ये मोठा स्टँड होईपर्यंत. लीग परत यायला तीस वर्षं लागली, २०२०, आणि तीही रिकाम्या स्टेडियममध्ये. यंदाची विसावी मात्र भरल्या घरात. बरोबरी झाली हो पायचीत, तुमच्या वीसशी.

पायचीत

माहितेय. पुतण्याने सांगितलं.

लालबागकर

हडर्सफील्ड राहिलंच की.

आकडेमोड

ते एका माणसाचं काम, हर्बर्ट चॅपमन. दोन लीग जिंकून १९२५ ला आर्सेनलला गेले, तिसरी हडर्सफील्डने त्यांच्या पाठीमागे जिंकली. त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला, समोरच्या टीमचे तीनऐवजी दोन खेळाडू पुढे असले तरी चालेल. गोलांचा पाऊस सुरू झाला. चॅपमननी मधला खेळाडू मागे ओढून बचावात बसवला. १९३१ ला आर्सेनल जिंकलं, दक्षिणेतला पहिला विजेता. लीग सुरू होऊन बेचाळीस वर्षं उलटल्यावर लंडनचा नंबर लागला! भुयारी रेल्वेच्या स्टेशनचं नाव सुद्धा बदलून आर्सेनल करून घेतलं पठ्ठ्याने, १९३२ मध्ये. तोवर उत्तरेत सूतधंद्याला उतरती कळा लागली होती, हेही त्यात धरा.

बालेवाडी_फाटा

पुणेकर गप्प कसे म्हणून आलो. आमच्या हाती एक जुनी गादी लागली होती राव, विसरलात का? ब्लॅकबर्न रोव्हर्स!

आधी इतिहास. १९९५ ला यांनी लीग जिंकली ती जॅक वॉकर यांच्या पोलादाच्या पैशावर. गावचाच माणूस, लहानपणापासून रोव्हर्सचा वेडा, धंदा विकून मोकळा झाला आणि क्लबात पैसा ओतला. डॅलग्लिशना मॅनेजर म्हणून आणलं, शिअररला आणलं, १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी ५० लाख मोजले, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न अँफील्डवर २-१ हरलं, पण तिकडे युनायटेड वेस्ट हॅमशी १-१ बरोबरीत अडकलं. हरून विजेते. डॅलग्लिश त्यांच्याच जुन्या घरी, आणि हरल्यावरही लिव्हरपूलचे लोक टाळ्या वाजवतायत. चार वर्षांत, १९९९ ला, खालच्या डिव्हिजनात.

मग नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या पुण्याच्या व्यंकीज या कोंबडीवाल्या कंपनीने क्लब घेतला. २०११ मध्ये टीम बालेवाडीला पुणे एफसीशी खेळायला आली होती, मी गेलो होतो. माझ्या मागे दोन आजी-आजोबा, त्यांना वाटलं क्रिकेटसारखं मधे चहाला थांबतील. आणि मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध ब्लॅकबर्नच्या कुणा चाहत्याने क्लबचं निशाण गुंडाळून जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच रात्री प्रीमियर लीगमधून गेले. २०१७ ला तिसऱ्या डिव्हिजनात सुद्धा जाऊन आले.

तिकडचे लोक चिडले ते समजतं. पण इतकी वर्षं घरचे पैसे घालून क्लब चालवणं सोपं नाही हेही खरं. पायचीत, तुमच्या सूत्राला माझी दुरुस्ती: पैशाचं दार उघडून भागत नाही, दारातून आत आलेल्याला घराचा नकाशा माहीत पाहिजे. वॉकर त्या गल्लीतलेच होते.

कॉप_कट्टा

बालेवाडी, दुरुस्ती मान्य. कोंबडीचा व्हिडिओ मी आजही बघतो. विगनच्या गोलकीपरने शेवटी पकडली.

मडगांवकर

गोंयच्या बाजूने दोन ओळी. आमच्याकडे धेंपो, साळगांवकर या क्लबांमागे खाणवाल्या घराण्यांचा पैसा होता. धेंपोने देशाची लीग पाच वेळा मारली, मोहन बागान आणि ईस्ट बंगालला घाम फोडला. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघवाले वरच्या स्पर्धेचं गणितच बदलायला निघाले तेव्हा धेंपो, साळगांवकर, स्पोर्टिंग तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. इंग्लंडात गादी गेली तरी खालच्या डिव्हिजनात खेळता येतं, बर्नलीसारखं परत चढता येतं. आमच्या पोरांना खाली उतरायला जिनाच उरला नाही त्या दिवशी.

निळी_बाजू

पायचीत, पुतण्याला माझा नमस्कार सांगा. पण त्याला हेही सांगा की सिटीवाला असणं म्हणजे काय ते आम्हा जुन्यांना विचार.

१९३७ ला सिटी विजेती. १९३८ ला त्याच सिटीने सगळ्या डिव्हिजनात जास्त, ८० गोल केले आणि तरीही खाली गेली. विजेता दुसऱ्याच वर्षी घसरलाय असं इंग्लंडात तेवढं एकदाच झालं. १९९८ ला तिसऱ्या पायरीवर. ३० मे १९९९, वेम्बली, समोर गिलिंगहॅम. चारच दिवस आधी युनायटेडने युरोप जिंकून तिहेरी मुकुट घातलेला, शहरभर लाल झेंडे. आम्ही ८९ व्या मिनिटाला ०-२. मग हॉरलॉकचा गोल, आणि पंचाण्णवाव्या मिनिटाला डिकॉव्ह. पेनल्टींवर जिंकलो. तो चेंडू गेला नसता तर अबू धाबीचे शेख २००८ मध्ये कुठलं तरी दुसरं दार ठोठावत बसले असते.

सिटीवर लीगचे पैशाचे नियम मोडल्याचे ११५ आरोप आहेत, ते कुणी काढायच्या आधी मीच काढतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये लागलेत, निकाल अजून यायचाय. दोषी ठरलो तर भोगू. पण सडेलसाहेबांचा किस्सा आजच्या आज छापून भिंतीवर लावणार आहे.

आकडेमोड

आता गादीला कुलूप लावायचे प्रयत्नही मोजा. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लब सुपर लीग काढायला निघाले, ज्यात संस्थापकांना खाली पडण्याची भीतीच नाही. त्यांचेच चाहते रस्त्यावर उतरले, दोन दिवसांत सहाही मागे. त्या सहांत टॉटनमही होतं, ज्याने शेवटची लीग १९६१ ला जिंकलीय!

दुसरं कुलूप जास्त शहाजोग आहे. तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा करायचा नाही, असा नियम. एव्हर्टनचे २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले. फॉरेस्टचे ४. कागदावर शिस्त, पण परिणाम असा की ज्याची कमाई आधीच मोठी तोच मोठा खर्च करू शकतो. आता कुणी जॅक वॉकर आला तरी त्याला चेकबुक खिशातच ठेवावं लागेल. न्यूकॅसलमागे २०२१ पासून सौदीचा पैसा आहे, पण ते कसे जपून पावलं टाकतायत बघा. ७० वर्षांनी देशातला एक चषक मिळाला यंदा, तोही लीगचा नाही.

चहाबिस्किट

आणि लेस्टर? २०१६? लीग जिंकले तेव्हा सट्ट्यात ५००० ला १ असा भाव होता. सूत्र कुठे गेलं तेव्हा?

पायचीत

चहाबिस्किट, लेस्टर म्हणजे लग्नात वरातीच्या घोड्यावर चुकून करवला बसला. एक रात्र बसला, फोटो निघाले, आयुष्यभर सांगेल. ८१ गुणांत लीग मिळाली त्यांना, कारण त्या वर्षी मोठे पाचही जण एकदम ढेपाळले. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांचा हुकमी खेळाडू कांते चेल्सीला गेला. २०२३ ला खाली. जिंकणं वेगळं आणि राज्य करणं वेगळं.

घासलेट

वा रे वा. जे सूत्रात बसत नाही तो करवला! मग क्लफही करवला, ब्लॅकबर्नही करवला.

पायचीत

क्लफ नाही. क्लफ म्हणजे दुसऱ्याच्या मांडवात जाऊन स्वतःचं लग्न लावून आलेला माणूस. :)

बरं, मधे पुतण्याने मागून येऊन सगळा धागा वाचला. गिलिंगहॅमवर विश्वास बसेना, व्हिडिओ दाखवल्यावर गप्प झाला. मग अर्ध्या तासाने येऊन विचारतो, "काका, प्रेस्टनची जर्सी मिळते का?" बर्नलीच्या ताई, तुम्हाला जवळ पडेल ना?

बर्नलीची_सून

मिळते. दिवाळीत येईन तेव्हा आणते, माप कळवा. आजोबांना मात्र सांगणार नाही, प्रेस्टनचं नाव घेतलं तर पेला बंद होईल माझा.

आणि पुतण्याला सांगा, ती पांढरीशुभ्र असते. धुवायला काढावी लागेल.